घागरीच्या तोंडाला कोपरे नसतात

फैजपूरला आमच्या अण्णांचं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली आणि बाहेर रस्त्यावर पसरलेलं काम. केळीच्या ट्रकमागची अक्षरं, दुधाच्या कॅनवरचे नंबर, ग्रामपंचायतीच्या घोषणा, आणि लग्नसराईत घरांच्या भिंती. भिंतीवर वर गणपती, खाली चि. आणि चि. सौ. कां. अण्णा दोरीला खडू चोळायचे, एक टोक मी धरायचो, मध्ये दोरी ताणून फट्‌कन सोडायची. दोन रेघा उमटल्या की मोजमाप संपलं. पेन्सिल तर रोजच हरवायची. ‘माह्या पेन्सिलीले पाय फुटले का?’ असं सगळ्या घराला विचारून झालं की माय चुलीपासूनच ओरडायची, ‘कानावर पाहा!’

नववीत असताना मी अख्खी भिंत एकटा करायला लागलो. गणपती वीस मिनिटांत. गावात बोलायचे, पोराचा हात चालतो. हे कौतुक मी अकरावी-बारावीपर्यंत खिशात घेऊन फिरलो, आणि पुढची चार वर्षं त्याचीच किंमत मोजली.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा शाळेतूनच झाल्या होत्या. बीएफए नावाची कलेची चार वर्षांची पदवी असते, बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पण सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे आमच्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलं. घरी विषय निघाला तेव्हा मामा आलेले होते. ‘पेंटरच्या पोराले पेंटर व्हायले कॉलेज कायले पाह्यजे?’ प्रश्न तसा चुकीचा नव्हता. सरांनी मामांना राम सुतारांचं उदाहरण दिलं. धुळ्याजवळच्या गोंदूरचा माणूस, मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकला, 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांनी घडवला. मामा म्हणाले, ‘मंग याले पुतळे करू द्या, भिंती कशाले?’ अण्णा काही बोलले नाहीत. तेव्हा फ्लेक्सचं मशीन सावद्यालाही आलं होतं आणि रेडियमवाला नंबर प्लेट दहा मिनिटांत कापून द्यायचा. अण्णांना गणित कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मचे पैसे काढून दिले.

सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे पेपर. केंद्र नाशिकला. वस्तुचित्राला समोर बादली, कापड, दोन फळं असं काहीतरी मांडलेलं होतं. मी अर्ध्या वेळात काढून मोकळा झालो. शेजारची मुलगी अजून बादलीच्या कडेवरच होती. मला तिची कीव आली. स्मरणचित्रात बाजार काढला, त्यातली सगळी माणसं भिंतीवरच्या माणसांसारखी एका बाजूला तोंड करून उभी. सामान्य ज्ञानाला मी यादी पाठ करून गेलो होतो. मार्क बेताचे पडले. दुसऱ्या फेरीत जळगावला नंबर लागला.

आता पहिलं वर्ष. सगळ्यांनाच सगळं करावं लागतं: वस्तुचित्र, निसर्गातल्या वस्तूंचं रेखाटन, द्विमित आणि त्रिमित संकल्पन, अक्षरांकन, छापचित्र. पहिल्या आठवड्यात समोर तांब्याची घागर ठेवली. मी तासाभरात घागर काढली, छटा दिली, बोटानं घासून गुळगुळीत केली, वर एक पांढरा चमकता ठिपका दिला. अस्सल कॅलेंडरची घागर. मॅडम आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि घागरीच्या तोंडाच्या दोन टोकांवर बोट ठेवलं.

‘इथं हात लाव बघू खऱ्या घागरीला. कोपरा लागतो का?’

मी उठून हात लावला. वर्गात हसू. घागरीचं तोंड मी लिंबाच्या फोडीसारखं काढलं होतं, दोन्हीकडे टोकदार. लंबवर्तुळाला कोपरे नसतात, ते टोकालाही वळतच असतं. शिवाय मी बूड सरळ रेघेत कापलं होतं, कारण घागर टेबलावर सपाट बसते हे मला माहीत होतं. प्रत्यक्षात डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं वर्तुळ जास्त उघडतं. तोंड चपटं दिसेल तर बुडाची कड त्याहून जास्त गोल दिसणार. मी जे माहीत होतं ते काढलं होतं, समोरचं बघितलंच नव्हतं. आणि बोटानं घासायची बंदी झाली ती कायमची. एचबी, टू बी, फोर बी, सिक्स बी, प्रत्येक पेन्सिलीची रेघ वेगळी, छटा रेघांनीच चढवायची.

ती घागर मी पंधरा दिवस काढत होतो. पंधरा दिवसांत अण्णांनी चार भिंती केल्या असत्या.

मग केळीचं पान. यावल-रावेर पट्ट्यातल्या पोराला केळीचं पान काय काढायला सांगता, असं मनात आलं. मी पानं कापली आहेत, पानावर जेवलो आहे. काढायला बसलो तेव्हा कळलं की शिरा मधल्या दांड्यातून कुठल्या कोनात निघतात हे मला सांगता येत नाही. निघताना वळून निघतात आणि मग जवळजवळ समांतर काठाकडे जातात. पान वाऱ्यानं फाटतं तेही त्याच रेघांवरून, म्हणून त्याच्या चिंध्या एकसारख्या असतात. मॅडमनी तीन शीट परत केल्या. चौथी ठेवून घेतली, शेरा न देता.

रंगाची गोष्ट वेगळीच. आमच्या दुकानात ऑइल पेंटच्या डब्यातला लाल म्हणजे लाल, आणि सावली हवी तर त्यात काळा. इथं वर्षभर पॅलेटवर काळा ठेवायचाच नाही असा नियम. सावलीत समोरच्या वस्तूचा विरोधी रंग शोधा, लाल गडद करायचा तर हिरव्याकडे जा. पांढऱ्या कापडाचं स्थिरचित्र दिलं तेव्हा मी दोन दिवस पांढरा आणि राखाडीच लावत होतो. बाजूला बसलेला पारोळ्याचा मित्र कापूसवाल्या घरातला. तो म्हणाला, अरे, वेचणीला सकाळी कापूस निळसर दिसतो आणि दुपारी पिवळा, तू कधी पाहिला नाही का? नव्हता पाहिला. आम्ही केळीवाले.

एका ठिकाणी मात्र मी राजा होतो. अक्षरांकनाच्या तासाला कट निबनं देवनागरी काढायची होती. बाकीचे शिरोरेघेवरच अडखळत असताना माझी ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ सरळ उतरली. सरांनी विचारलं, कोणाकडे शिकलास? अण्णांचं सांगितलं. त्यांनी अण्णांनी लिहिलेल्या ट्रकचे फोटो आणायला लावले आणि र. कृ. जोशींबद्दल सांगितलं. सुलेखनकार म्हणून मोठं नाव, आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचाच. म्हणजे घरी वीज बिलापासून सरकारी पत्रापर्यंत जे अक्षर दिसतं ते कोणीतरी हातानं विचार करून बसवलेलं आहे. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘त्या माणसाची वेलांटी जरा बारीक हाय.’

माझा तोरा छापचित्राच्या वर्गात उतरला. लाकडी ठोकळ्यावर फैजपूर असं सुंदर कोरलं, शाई लावली, कागद दाबला. छाप आली उलटी. मजकूर आरशातल्यासारखा कोरायचा असतो हे सरांनी दोनदा सांगितलं होतं. तेव्हा माझा हात चालत होता.

सामानाचा खर्च हा या शिक्षणाचा न सांगितलेला भाग आहे. फीपेक्षा कागद, रंग, ब्रश, कॅनव्हास यातच पैसा जातो. अर्धा इम्पिरियल म्हणजे 15 बाय 22 इंच, तोवर ठीक. पूर्ण शीट 22 बाय 30 ची झाली की बोर्ड घेऊन एसटीत चढणं ही वेगळी कला. रावेरच्या गाडीत एक कंडक्टर रोज विचारायचे, ‘या दरवाजाचं तिकीट कोण काढणार?’ शिष्यवृत्तीचा एक हप्ता तर वर्ष उलटल्यावर आला. मधल्या काळात मी सुट्टीत भिंती केल्या. कॅनव्हास तयार विकत घेणं परवडेना, म्हणून मांजरपाटावर सरस आणि प्रायमर चढवून घरीच फ्रेमला ठोकायला शिकलो. ठोकायचं काम अण्णा करायचे. कापड ताणण्यात त्यांच्यासारखा हात वर्गात कोणाचा नव्हता.

पहिल्या वर्षानंतर शाखा निवडायची. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी उपयोजित कला घेणार. अक्षर आहे, जाहिरातीत नोकरी लागते, पुण्याला जाता येतं. मी रेखा व रंगकला घेतली. घरी कारण नीट सांगता आलं नाही. खरं कारण अजिंठ्याची सहल.

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. शाळेच्या सहलीत दोनदा गेलो होतो, वडापाव आणि माकडं एवढंच आठवत होतं. या वेळी सर म्हणाले, 17 नंबरच्या लेण्यात जाऊन पाच मिनिटं काहीही न बघता उभं राहायचं. अंधाराला डोळा सरावला की भिंत हळूहळू पुढे येते. खडकावर माती, शेण, भुसा यांचं लिंपण, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. बहुतेक रंग खनिज: गेरू, पिवळी माती, हिरवी माती. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, लांबून आणलेला. मी भिंती रंगवणाऱ्याच्या घरातला. लिंपण बघून मला पहिल्यांदा वाटलं, ही तर आपलीच लाइन आहे. एका खांबाजवळ रंगाचा पोपडा निघालेला होता आणि खाली भुशाची काडी दिसत होती. मी चित्रापेक्षा जास्त वेळ त्या काडीकडे बघत बसलो.

परतताना सरांनी रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. या इंग्रज अधिकाऱ्यानं 1844 पासून कित्येक वर्षं इथं राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या, त्या लंडनला पाठवल्या, आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मेला 1879 मध्ये. त्याची कबर भुसावळला आहे. मी भुसावळला बस बदलायला उतरायचो, स्टँडवर चहा प्यायचो, आणि हे कोणी बोललं नव्हतं.

तसंच फैजपूरचं. तिसऱ्या वर्षी कलेच्या इतिहासात चित्रकार नंदलाल बोस आले. हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठीची त्यांची 1938 ची चित्रं सगळ्यांना पाठ. त्याच्या आधीची एक ओळ सरांनी वाचली: डिसेंबर 1936, फैजपूर काँग्रेस, गांधीजींच्या सांगण्यावरून सजावट नंदलाल बोसांची, बांबू आणि खेड्यात मिळेल त्या सामानाची. वर्ग माझ्याकडे बघायला लागला. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आमच्या गावात झालं, अध्यक्ष नेहरू होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. बांबूच्या कमानी कोणी उभ्या केल्या ते मला अठरा-वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी अण्णांना फोन केला. ‘बांबू आपल्या इकडचाच आशीन,’ एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगत होते म्हणे.

एका रविवारी आम्ही चौघं चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला गेलो. 1912 ते 1989 आयुष्य. स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात या माणसानं स्वतःला वर्षानुवर्षं कोंडून घेतलं आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून असे फोटो काढले की बर्फाळ डोंगर वाटावा. पंजाब मेलनं कोणीतरी येईल म्हणून दार उघडं ठेवायचे, असं सांगतात. मित्रांना ती गोष्ट आवडली. मला टेबल आवडलं. एवढ्याशा टेबलावर आयुष्यभराचं काम.

शेवटच्या वर्षाला व्यक्तिचित्रण आणि रचनाचित्र. वर्गात मॉडेल म्हणून बसस्टँडवरचे एक बाबा यायचे. वीस मिनिटांत झोपायचे, मान हळूहळू खाली जायची आणि आमच्या चित्रांतली मान सगळ्यांची वेगवेगळ्या उंचीवर. अंतिम प्रदर्शनासाठी मी अण्णांचं दुकान घेतलं. डबे, दोरी, हाताला टेकू द्यायची काठी, अर्धी रंगवलेली पाटी. मधला मोठा कॅनव्हास अण्णांचा, ऑइलमध्ये. त्यासाठी मी दोन महिने दर शनिवार-रविवार गावी जाऊन बसलो. अण्णा काम करायचे, मी बघायचो. नाकाच्या बाजूची सावली जांभळी आहे हे कळायलाच तीन रविवार गेले. एकदा वैतागून म्हणाले, ‘तुह्या एका नाकात माह्या चार भिंती झाल्या.’

प्रदर्शनाला अण्णा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, मायला घेऊन. मामाही होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सकाळीच कॅनव्हाससमोर बराच वेळ काढला होता, मार्क चांगले पडणार याचा अंदाज आला होता. अण्णांनी आधी फ्रेम मागून तपासली, खिळे बघितले. मग पुढे येऊन उभे राहिले. जवळ गेले, लांब गेले. नाकाकडे बघितलं, हातांकडे बघितलं. मामा म्हणाले, ‘हुबेहूब हाय हो दाजी.’

अण्णांचा हात सवयीनं स्वतःच्या उजव्या कानाकडे गेला.

‘पेन्सिल राह्यली रे,’ ते म्हणाले.