तोही कंत्राटीच

"साहेब, हा पण कंत्राटावरच का?"

आज चाकणला सेकंड शिफ्ट सुरू होताना ट्रॉली ओढणाऱ्या एका पोराने विचारलं. समोर माल वाहणारा नवा रोबो उभा होता. वाटेत कुणीतरी टेकवलेल्या डब्याच्या पिशवीपुढे, मुकाट. पिशवी उचलली तसा निघाला.

म्हटलं, हो. विकत नाही, महिन्याच्या भाड्यावर. दुरुस्ती, सॉफ्टवेअर सगळं भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे. दसरा-दिवाळीला काम वाढलं की ४ मागवायचे, नंतर २ परत. जुन्या एजीव्हीला, म्हणजे बिनड्रायव्हरच्या मालगाडीला, जमिनीवर चुंबकी पट्टी लागायची, लाइन हलवली की पट्टी उखडा, परत चिकटवा. हा लायडारने, म्हणजे लेझरने अंतरं मोजून, स्वतःच नकाशा काढतो. आज इथे, उद्या भोसरीत.

फार उत्साहात सांगत होतो मी. (सेल्सवाल्याचं प्रेझेंटेशन सकाळीच ऐकलेलं.)

पोरगा म्हणाला, "माझं पण ७ महिन्यांचंच आहे. फक्त बिघडलो तर दुरुस्ती माझ्याकडे."

हसला आणि ट्रॉली घेऊन गेला.

घरी येताना नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तेच डोक्यात. रोबोच्या भाडेकराराची पानं न् पानं मी वाचलीत. बंद पडला तर किती तासांत बदली, तेही पाठ आहे.

त्या पोराच्या कागदात काय लिहिलंय, तुमच्यापैकी कुणी कधी वाचलंय?