टाचेवरून चवड्यावर

शनिवार, रात्री साडेदहा. पोटऱ्या भरून आल्यात, पाय कोमट मिठाच्या पाण्यात सोडून बसलेय, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय.

आज बॅलेच्या क्लासमध्ये उजवीकडचं सिंगल पिरुएट (एका पायावर उभं राहून घेतलेली एक गिरकी) सलग पाच वेळा नीट झालं!! नीट म्हणजे फिरून समोर आल्यावर क्षणभर वरच थांबता आलं आणि मग हळूच फोर्थमध्ये, म्हणजे एक पाय पुढे एक मागे अशा पोझिशनमध्ये, उतरले. आधी गिरकी पूर्ण व्हायची पण शेवटी धपकन खाली यायचे.

पुण्यात अकरा वर्षं कथक केलंय, त्यामुळे माझ्या अंगातली चक्कर टाचेवरची आहे, टाच जमिनीत रोवायची आणि डावीकडे फिरायचं, हे इतकं मुरलंय की विचारच करावा लागत नाही. बॅलेत टाच वर आणि सगळं वजन चवड्यावर. क्लासमध्ये बहुतेकांची उजवी बाजू चांगली आहे, माझी डावी, कारण डावीकडे फिरणं शरीराला ओळखीचं आहे. स्पॉटिंग मात्र मला आयतं मिळालं. समोर भिंतीवर एक जागा नजरेने धरायची, मान सगळ्यात शेवटी निघते आणि सगळ्यात आधी परत येते, हे कथकच्या ताईंनी लहानपणीच घोटून घेतलं होतं.

मग उजवीकडे अडत काय होतं? बॅलेच्या मिसने मागच्या महिन्यात स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून दाखवला. निघायच्या आधीच मी उजवा खांदा मागे फेकत होते, म्हणजे खांदा कंबरेच्या आधीच फिरलेला, कंबर मागून येतेय, आणि त्यात अख्खं अंग मागे कललेलं. त्यावर तिने तीन आठवडे मला गिरकीच घेऊ दिली नाही, फक्त फोर्थमधून प्लिए (गुडघे वाकवणं) आणि तिथून थेट वर पासेमध्ये (एका पायाचं बोट दुसऱ्या गुडघ्याशी), चार मोजेपर्यंत थांब, उतर. मग पाव गिरकी, मग अर्धी. पहिल्या आठवड्यात खूप राग यायचा, खरं सांगते. पण दुसऱ्या आठवड्यात कळलं की मी प्लिएच अर्धवट करत होते, टाचा नीट टेकतच नव्हते, मग वर जायला जोर येणार कुठून, म्हणून तो खांद्यातून आणत होते.

घरी येताना पिएरिना लेन्यानी या इटालियन बॅले नर्तिकेचा विचार डोक्यात होता. 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'स्वान लेक' या बॅलेमध्ये तिने 32 फुएते केले, म्हणजे एका पायावर, दुसरा पाय हवेत फटकारत घेतलेल्या सलग गिरक्या. लोक 32 गिरक्या मोजतात पण प्रत्येक गिरकीला टाच खाली, गुडघा वाकवून प्लिए, आणि परत वर, म्हणजे तितक्याच वेळा खाली येऊन पुन्हा तोल सापडवायचा. मला एका वेळेला तीन आठवडे लागले, तेव्हा ते किती मोठं काम आहे ते आत्ता कुठे समजतंय.

हातांचं अजून राहिलंय. डावा हात उजव्याला भेटायला उशिरा येतो. तो वेळेवर आत आला की वेग आपोआप वाढतो, स्केटिंगवाले हात छातीशी घेतात ना तसंच. डबलला, म्हणजे सलग दोन गिरक्या घेताना, दुसऱ्या फेरीत उजवीकडे टाच पडतेच, डावीकडे नाही पडत.

सोमवारी घरी प्रॅक्टिस, पण मोजे घालून नाही, शूज घालूनच. मोज्यात फरशीवर पाय सरकतो आणि उगाच जमल्यासारखं वाटतं.