आज डेक्कन कॉलेजच्या आवारात

येरवड्यात चोवीस वर्षे राहूनही डेक्कन कॉलेजच्या फाटकातून मी आज प्रथमच आत गेले, आणि तेही भाचीच्या एम. ए.च्या प्रवेशाची चौकशी करायची म्हणून. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे, पण पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशशास्त्र एवढाच तिचा मोजका संसार. इतक्या लहान ठिकाणी मुलीला संधी ती काय मिळणार, अशी शंका मनात होती.

कोशविभागात ती बरीचशी फिटली. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये आरंभलेल्या संस्कृत महाकोशाचे काम अजून चालू आहे आणि त्यासाठी जमवलेल्या चिठ्ठ्या एक कोटीच्या आसपास आहेत. एका पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर शाईने लिहिलेला शब्द, त्याखाली ग्रंथातील उतारा आणि संदर्भ होता. भाची तो अडखळत वाचू लागली, तेव्हा तिथल्या बाईंनी तिची एक चूक हळूच सुधारली. मोठ्या विद्यापीठाच्या गर्दीत हे घडले असते का, कोण जाणे.

आमच्या सोसायटीत मात्र या आवाराची ओळख ‘झाडी छान आहे’ एवढीच. शिरूर तालुक्यातील इनामगावी याच संस्थेने ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली, हे मलाही आजच कळले, आणि त्याची थोडी लाज वाटली. गणपतीत व्याख्यान ठेवता येईल का, असे मी निघताना विचारून आले आहे.