पोटशूळ झालेलं शिंगरू घेऊन रात्री वसई ते परळ

आमच्या काकांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा, वसईला किनाऱ्याजवळ तबेला आहे. घोडीचं शिंगरू पाखऱ्या, सव्वा वर्षाचा. त्याला पोटशूळ उठला आणि रात्री टेम्पोत घालून परळच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलला न्यावं लागलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी खरा वेळ रस्त्यात कमी आणि "जाऊ का नको" मध्ये जास्त जातो.

संध्याकाळी चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, टाकली तर तोंड लावेना. सारखं वळून कुशीकडे बघायचं, पुढच्या पायाने जमीन उकरायची, बसायचं, लोळायचं, परत उठायचं. काकांनी लगेच पुढ्यातलं सगळं खाणं काढलं आणि डॉक्टरांना फोन लावला. शेजारचे एक जण बाटलीने तेल आणि ओवा पाजायला निघाले होते, त्यांना हात जोडून थांबवलं. घोड्याला उलटी होत नाही, आणि तोंडातून जबरदस्तीने ओतलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, तेव्हा ते काम नाकातून नळी घालून डॉक्टरांनीच करायचं. चालवायचं म्हणाल तर दहा-पंधरा मिनिटं, तेही तो लोळून स्वतःला लागून घेत असेल तरच. तासन् तास फिरवून दमवू नका, शांत उभा किंवा पडलेला असेल तर राहू द्या.

डॉक्टरांनी नळी घातली, शिरेतून दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, मग एक ताजी लीद हातमोज्यात घेऊन पाणी घालून कुस्करली आणि मोजा उलटा टांगून ठेवला. थोड्या वेळाने बोटांच्या टोकांत काळी बारीक वाळू जमलेली दिसली. पोटाखाली स्टेथोस्कोप लावून मला ऐकायला दिलं, आत समुद्राची लाट ओसरावी तसा आवाज येत होता. किनाऱ्यावर गवत जमिनीवर टाकलं की जनावर वाळू गिळत राहतं, ती मोठ्या आतड्यात साठते.

इंजेक्शननंतर पाखऱ्या शांत झाला, पण तास-दीड तासात परत लोळायला लागला. डॉक्टर म्हणाले, औषध देऊनही दुखणं परत आलं म्हणजे आता तबेल्यात थांबायचं नाही. हाच इशारा लक्षात ठेवा. आपल्या मनाने दुसरं इंजेक्शन टोचू नका, दुखणं झाकलं जातं आणि पुढच्या डॉक्टरला आत काय चाललंय ते कळत नाही.

निघण्याआधी परळला फोन करून घोडा आत्ता घेतील का, उतरवायला काय सोय आहे, हे विचारून घेतलं. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, त्यात कुठलं औषध, किती, किती वाजता, आणि जनावर प्रवासाला चालेल असं लिहिलेलं हवं, नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर तीच दाखवायची. टेम्पोत खाली काथ्याच्या चटया आणि वर भाताचा पेंढा टाकला, नाहीतर पाय घसरतात. पण पेंढा खाऊ नये म्हणून तोंडाला जाळी बांधली. दोर एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधा. जाड फळ्या सोबत ठेवा, चढवायला आपल्याकडे बांध असतो, शहरात उतरवायला नसतो. आणि घोडा आत आडवा पडून पाय झाडायला लागला तर कुणीही आत उडी मारू नका, गाडी थांबवा.

वसई फाटा, वर्सोवा पूल, दहिसर, मग वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने कलानगर, माहीम, दादरला टिळक ब्रिजवरून पलीकडे आंबेडकर रोडला. हिंदमाताच्या आधीपासूनच सगळे फ्लायओव्हर सोडून खालून चला, लालबागच्या फ्लायओव्हरवर चढलात तर थेट भायखळा. जोराचा पाऊस असेल तर हिंदमाताला पाणी आहे का ते आधी विचारून घ्या. ड्रायव्हरला एकच सांगायचं, ब्रेक हळू.

पूल ओलांडल्यावर आणि माहीमला गाडी बाजूला घेऊन दोनदा बघितलं. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे. मोठ्या घोड्याचे निवांत असताना मिनिटाला 28 ते 44, शिंगराचे थोडे जास्त. सारखे साठच्या वर जायला लागले तर गंभीर. हिरडी गुलाबी हवी, दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. ठोके, हिरडी, लीद, वेळ, सगळं कागदावर लिहीत गेलो.

परळला आचार्य दोंदे मार्गावर पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज एकाच आवारात आहे. समोर केईएम, टाटा हॉस्पिटलच्या पेशंटांचे नातेवाईक फुटपाथवर झोपलेले असतात, हॉर्न वाजवू नका. आमचा कागद डॉक्टरांनी आधी वाचला, मग पाखऱ्याला हात लावला. सलाइन सुरू झालं, नळीतून पाण्यात कालवलेलं इसबगोल गेलं, ते घट्ट व्हायच्या आत भरभर घालावं लागतं. ऑपरेशनची गरज पडली नाही. काका रात्रभर त्याच्या मानेवरून हात फिरवत उभे होते, सकाळी वाळूने जड झालेली लीद पडली तेव्हा खाली बसले.

घरी आल्यावर खाणं एकदम सुरू करू नका, थोडं थोडं ओलं गवत, पाणी कायम समोर. आमच्याकडे आता गवत जमिनीवर पडत नाही, उंचावर घमेल्यात, खाली रबरी मॅट. इसबगोल डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, आणि मोज्यातली वाळू अधूनमधून बघत राहायची.