तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनची तक्रार कोर्टात इतकी का रेंगाळते?

“तक्रार दाखल होऊन वर्षं लोटली, अजून साक्षीपुरावासुद्धा सुरू नाही. कोर्ट करतं तरी काय?” युनियनचे कार्यकर्ते हा प्रश्न हमखास विचारतात. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता हा वेगळा विषय आहे. इथे महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा कायद्यापुरतंच उत्तर देते. माझं मत असं, की यातली बरीच वर्षं तक्रारीच्या पहिल्या आठ-दहा पानांतच हातची जातात.

आधी दरवाजा बरोबर हवा. कामावरून काढल्याची तक्रार, म्हणजे कायद्यातल्या अनुसूची 4 मधली (मालकाच्या अनुचित प्रथांच्या यादीतली) नोंद 1, कामगार न्यायालयात जाते. करार न पाळणं (नोंद 9), कामगाराला वर्षानुवर्षं ‘बदली’ (दुसऱ्याच्या जागी कामावर घेतलेला) किंवा तात्पुरतं ठेवून कायम न करणं (नोंद 6) या तक्रारी औद्योगिक न्यायालयात. घेराव किंवा मुद्दाम काम मंदावण्याविरुद्ध मालकही तिथेच येतो. मुदत 90 दिवसांची आहे. उशीर झाला असेल तर कारणं देणारा माफीचा अर्ज तक्रारीसोबतच लावा. मान्यताप्राप्त युनियन असलेल्या कारखान्यात नोंद 6 ची तक्रार दुसऱ्या युनियनने केली, तर तिला ती करण्याचा अधिकार आहे का, यावरच पहिला आक्षेप येतो.

कोर्टाच्या फाइलमध्ये तक्रारीला निशाणी (कागदाचा क्रमांक) यू-1 पडते, अंतरिम दिलाशाच्या, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या हुकमाच्या अर्जाला यू-2. खरी कोंडी यू-2 वर होते. त्यात अंतिम मागणीच शब्दशः उतरवलेली असते. कामगारांची यादी नसते, कराराची प्रत नसते. मग जो काही हुकूम होतो त्याविरुद्ध कोणीतरी वर जातं: कामगार न्यायालयाचा असेल तर कलम 44 खाली औद्योगिक न्यायालयात, औद्योगिक न्यायालयाचा असेल तर रिट करून उच्च न्यायालयात. स्थगिती नसली तरी मूळ फाइल पडून राहते. बदली, कपात, बडतर्फी असं काही डोक्यावर नसेल, तर यू-2 चा आग्रह सोडून मुख्य तक्रार ठराविक मुदतीत चालवण्याचा हुकूम मागावा, हे मी प्रत्येकाला सांगते.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर सबंध तक्रारच बुडू शकते. सिप्लाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली स्पष्ट केलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते या कायद्याखाली ठरवता येत नाही. आधी ते योग्य मंचाकडून ठरवून घ्यावं लागतं. नातं निर्विवाद आहे असं दाखवणारा कागद हाताशी नसताना इथे येणं म्हणजे कामगारांची वर्षं पणाला लावणं.

बडतर्फीचा खटला दोन टप्प्यांत चालतो. खात्यांतर्गत चौकशी न्याय्य होती का आणि निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का, हा प्राथमिक मुद्दा आधी ठरतो. चौकशी सदोष ठरली की गेटवर पेढे वाटले जातात. पण कामगार त्या दिवशी कामावर परतत नाही. कंपनीने लेखी जबाबात हक्क राखून ठेवला असेल, तर गैरवर्तन कोर्टासमोर नव्याने सिद्ध करायची संधी तिला मिळते आणि साक्षीदार पुन्हा पहिल्यापासून येतात. प्राथमिक मुद्द्यावरच्या निर्णयाविरुद्ध लगेच वर जाऊन खटला अडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने कूपर इंजिनिअरिंगच्या खटल्यात 1975 मध्येच सुचवलं होतं. तरीही पक्षकार जातात, आणि काढलेला माणूस पगाराविना घरी बसतो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

सरतपासणी, म्हणजे आपल्या साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, शपथपत्रावर होते. ते सहसा युनियनच्या अध्यक्षाचं असतं आणि उलटतपासणीत “मी त्या खात्यात कधी काम केलं नाही” या एका कबुलीवर ढासळतं. त्या खात्यातला कामगार उभा करा. हजेरीपत्रक आणि पगारपत्रक कंपनीकडे असतं. कोणत्या महिन्यांचं हवं ते लिहून, मुद्दे निश्चित होताच हजर करण्याचा अर्ज द्या. कामगाराने 240 दिवस काम केलं का, हा कायम होण्याच्या दाव्यातला हिशोब त्यावरच उभा असतो. हुकूम होऊनही कंपनीने कागद दडवला, तर प्रतिकूल निष्कर्ष, म्हणजे तो कागद कंपनीच्या विरोधातच होता असं कोर्टाने धरावं, अशी मागणी करता येते.

तक्रारीतलं मागणीचं कलम, म्हणजे कोर्टाकडे नेमकं काय मागता ते, मात्र वकिलावर सोडू नका, स्वतः वाचा. हुकूम मोडल्यास कलम 48 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण “सर्व कामगारांना देय लाभ द्यावेत” एवढाच हुकूम असेल, तर तो नेमका कुठे मोडला हे दाखवता येत नाही. कामगाराचं नाव, कोणत्या तारखेपासून, कराराचं कोणतं कलम, दरमहा किती रुपये, हे तक्ता करून तक्रारीलाच जोडा.