नाशिकचा कातळ: आधी कोण आलं?

नाशिकला आलेली मंडळी गोदाघाट आणि त्र्यंबकेश्वर करून परततात. मला काळा कातळ बघायचा होता. पांडवलेणी ऊन चढायच्या आत पाहून घेतली आणि आम्ही सिन्नरच्या रस्त्याला लागलो. सोबतची मैत्रीण भूगर्भशास्त्र शिकवते.

वाटेत एका खडी क्रशरच्या राखणदाराला विचारून ढिगातला एक दगड उचलला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. मधल्या पोकळीत आधी हिरवट पापुद्रा, त्यावर मोतिया रंगाचं स्टिल्बाइट हे खनिज आणि सगळ्यात वर कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचा, तिरक्या कडांचा चकचकीत खडा. तिनं त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला. फसफसून फेस आला.

"हा कार्बन डायऑक्साइड. शिलारस चुनखडकात घुसला की हाच वायू बाहेर पडतो, फक्त तिथं आम्लाचं काम उष्णता करते."

चुन्याच्या भट्टीत चुनखडी भाजतात तसंच हे, पण जमिनीखाली. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डमध्ये सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वी शिलारस थराथरानं थिजला. उत्तर भागात त्याच्या वाटेत डोलोमाइट आला, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडकाचा भाऊबंद. वायू सुटला, मागं उरलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची शिलारसातल्या सिलिकाशी गाठ पडली आणि डायोप्साइडसारखी खनिजं तयार झाली. म्हणजे शेजारच्या खडकानं शिलारसाची घडणच बदलली! चीनमधल्या पांझिहुआत, सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वी, असाच डोलोमाइट तळाशी होता. त्यातून सुटलेल्या वायूमुळे शिलारसाचं ऑक्सिडीकरण वाढलं आणि मॅग्नेटाइट हे लोहखनिज लवकर साकळून त्याचे जाड थर साचले, असं काही अभ्यासक मानतात. मला हे पटतं. एवढं लोखंड एका जागी गोळा व्हायला काहीतरी निमित्त हवंच.

नाशिकची गोष्ट उलटी आहे. इथं आधी लाव्हा वाहिला, थिजला, वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. चुना मागाहून आला, कातळातून झिरपणाऱ्या गरम पाण्याबरोबर. त्यामुळे बेसाल्टमधला पांढरा खडा दिसला की 'शिलारसानं चुनखडक गिळला' असं ठरवून टाकू नये. आधी कोण आलं, ते बघावं.

त्यासाठी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय उत्तम. नमुने एकेक करून निरखा: कुठल्या स्फटिकावर कुठला बसलाय? खालचा आधीचा, वरचा नंतरचा. फोटो काढत पुढं सरकलात तर हे निसटेल, म्हणून निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा.