फोन आत्ता घ्यावा की थांबावं? आधी हातातला तपासा

सेटिंग्जमध्ये जा, 'अबाऊट फोन' उघडा आणि अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करा. तिथे सिक्युरिटी अपडेटची एक तारीख दिसेल. नवा फोन घ्यायचा की थांबायचं, याचा विचार मी या तारखेपासून सुरू करायला सांगतो.

तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर घाई नाही. वर्ष उलटून गेलं असेल आणि 'चेक फॉर अपडेट' दाबूनही काही येत नसेल, तर कंपनीने ते मॉडेल सोडून दिलं असं धरा. फोन बाकी झकास चालत असला तरी अशा हँडसेटवर बँकेचं ॲप आणि यूपीआय ठेवणं मला पटत नाही. इथे थांबण्यात शहाणपण नाही, फोन बदला.

हाच निकष नवा फोन घेतानाही लावायचा. कंपनी अपडेटची जी वर्षं कबूल करते, ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. आपण बिल केल्यापासून नव्हे. चार वर्षांची हमी असलेलं मॉडेल दोन वर्षांनी 'स्वस्तात' घेतलं तर हाती उरतात दोनच वर्षं. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ या मालिकांपासून गूगल आणि सॅमसंगने सात वर्षं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे या वर्गातलं वर्षभर जुनं मॉडेल आजही चांगला सौदा ठरू शकतं. बजेट फोनमध्ये तसं नाही. तिथे मॉडेलनुसार फार फरक पडतो, म्हणून कंपनीच्या साइटवर आकडा बघूनच पुढे जा.

आता 'फोन स्लो झालाय' ही तक्रार. याच्या मुळाशी बहुतेकदा दोनच गोष्टी असतात: भरत आलेलं स्टोरेज आणि थकलेली बॅटरी. स्टोरेज काठोकाठ भरलं की फोनला लिहायला मोकळी जागा शोधत बसावं लागतं आणि सगळंच अडखळतं. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचे व्हिडिओ तिथून एकगठ्ठा उडवता येतात. तरीही फोन अडखळत असेल तर सेफ मोडमध्ये (यात फक्त फोनसोबत आलेली ॲप्स चालतात) सुरू करून बघा. तिथे सुरळीत चालला तर दोष नंतर टाकलेल्या एखाद्या ॲपचा आहे. मात्र फोनमध्ये ईएमएमसी या जुन्या, संथ प्रकारची मेमरी असेल तर अपेक्षा बेतानेच ठेवा. तिचा वाचनाचा वेग सेकंदाला साधारण ३०० एमबीच्या आत असतो, यूएफएस २.२ या नव्या प्रकारच्या मेमरीचा हजार एमबीच्या आसपास. हा फरक कुठल्याही साफसफाईने भरून निघत नाही.

बॅटरीचं गणित वेगळं. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा आणि नकाशा एकाच वेळी चालू केला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि वीस टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. आयफोनमध्ये तर असं होऊ नये म्हणून प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केला जातो. तिथे सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसते. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बेताने बनवल्या आहेत, १५ पासून हा आकडा १००० सायकल आहे. सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर; दोन दिवस पन्नास-पन्नास टक्के खर्चले तर एकच सायकल. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' ॲपच्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती कळते. मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका.

आणि चार्जिंग होत नाही म्हणून फोन बदलायला निघालात, तर आधी पोर्टमध्ये टॉर्च मारा. खिशातला कचरा तिथे घट्ट बसतो आणि केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई किंवा पिन नको.

दुरुस्ती परवडते का, ते वर्षावारी काढा. समजा २५ हजारांचा फोन पाच वर्षं वापरायचा आहे, म्हणजे वर्षाला पाच हजार. बॅटरीला तीन हजार लागले आणि फोन दीड वर्ष पुढे गेला, तर वर्षाला दोन हजार. अपडेट शिल्लक असतील तर बॅटरी बदलणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं. अमोलेड स्क्रीनचा खर्च मात्र मोठा असतो, आणि अपडेट संपलेल्या फोनवर तो करू नये. पुण्यात बुधवार पेठेत किंवा तापकीर गल्लीच्या आसपास काम करून घेणार असाल, तर बॅटरी मूळ कंपनीची की कंपॅटिबल, गॅस्केट (पाणी अडवणारी कडेची पट्टी) नवा लावणार का, आणि बिलावर वॉरंटी लिहून देणार का, हे फोन उघडण्याआधी विचारा. एकदा उघडलेल्या फोनची पाण्यापासूनची हमी संपली असंच समजा. जून ते सप्टेंबर दुचाकीवर फिरणाऱ्याने त्याला पाऊचमध्येच ठेवावं.

दुचाकीवरून आठवलं. हँडलच्या माउंटवर फोन लावून रोज कात्रज ते हिंजवडी करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात चित्र थरथरायला लागतं, फोकस धरत नाही. इंजिनाच्या कंपनांनी ओआयएस, म्हणजे लेन्स स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा, बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचनाही दिली होती. कंपनं शोषणारा डँपर न लावता नवा फोन त्याच माउंटवर अडकवला, तर त्याचीही तीच गत होऊ शकते.

रेंजसाठी फोन बदलणाऱ्यांनी तर जरूर थांबावं. पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्यात ३५०० मेगाहर्ट्झची ५जी लहर नीट शिरतच नाही, फोन कितीही महाग असो. वाय-फाय कॉलिंग चालू करा, खर्च शून्य. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर नेट बंद पडतं, तोही फोनचा दोष नाही. टॉवरवर गर्दी होते. घ्यायचाच असेल तर त्यात ३५०० मेगाहर्ट्झचा एन ७८ हा ५जी बँड आहे का पाहा, आणि जिओ वापरत असाल तर ७०० मेगाहर्ट्झचा एन २८ सुद्धा.

मग थांबावं कधी? ठरावीक तारीख आणि ठरावीक कारण असेल तेव्हा. आयफोन सप्टेंबरमध्ये येतो आणि आधीच्या मॉडेलची किंमत उतरते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आयफोन पूर्ण भावाने घेण्यात अर्थ नाही. गॅलेक्सी एस मालिका साधारण वर्षाच्या सुरुवातीला येते. मोठे ऑनलाइन सेल दसरा-दिवाळीच्या आधी आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला लागतात. 'पुढे स्वस्त होईल' एवढ्याच आशेवर मात्र थांबू नका. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव चढले आणि त्याचा भार फोनवर पडतो आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, फोनवरचा १८ टक्केच राहिला.

'नो कॉस्ट ईएमआय' पूर्ण फुकट नसतो. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो; पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात घेतलात तर ऑनलाइन भाव दाखवून घासाघीस करा, आणि बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना बघायला विसरू नका. दीड वर्ष गोदामात पडलेल्या फोनची बॅटरी तेवढी म्हातारी झालेली असते. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आलेला आयएमईआय सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासा. ब्लॉक केलेला किंवा डुप्लिकेट दाखवला तर तिथूनच परत फिरा.

फोन बदलण्याचा दिवसही जरा बघून ठरवा. नव्या हँडसेटवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास अनेक बँका पाच हजारांची मर्यादा लावतात, म्हणून घरभाडं किंवा शाळेची फी आदल्या दिवशी भरून टाका. सिम नव्या फोनमध्ये टाकलं तरी जुना लगेच फॉरमॅट करू नका. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणाऱ्या) ॲपमधली खाती आधी हलवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या फोनवर उतरला का ते पाहा, मग जुन्यातून गूगल किंवा ॲपल खातं काढा आणि शेवटी रिसेट करा. खातं न काढता रिसेट केलेला फोन पुन्हा सुरू होताना त्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि असा फोन एक्स्चेंजवाला स्वीकारत नाही.